दाबून पाहणारा

१

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणे हे काम, ज्यांनी ते कधी केलेले नाही, त्यांना फार सोपे वाटते. माझ्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते येते. चहाचा कप हातात धरून, खुर्चीत पाय पसरून ते मला शिकवतात. एकाने सांगितले, गादीवर जाड रजई घाला. दुसरीने सांगितले, माकडहाडाखाली ती मध्ये भोक असलेली गोल उशी द्या. तिसऱ्याने तेलाने खसाखसा चोळायला सांगितले. या तिन्ही गोष्टी नेमक्या करायच्या नसतात. रजईमुळे खालची गादी असून नसल्यासारखी होते, भोकाच्या उशीच्या कडेला रक्त अडते, आणि लाल झालेली कातडी चोळली की ती आतून फाटते. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळीच्या पाठीचे काय?

झटका आल्यापासून बायकोची उजवी बाजू गेली. डाव्या हातात थोडा जीव आहे. बोलणे शाबूत आहे. किंबहुना होते त्यापेक्षा जास्त शाबूत आहे. साखर जुनी. अंगावर मांस उरलेले नाही. इस्पितळातून निघताना डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन, पण मला ऐकू जाईल अशा बेताने सांगितले, "यांच्या माकडहाडावर एकदा का जखम उघडली, तर ती भरणार नाही. हाडापर्यंत जाईल. मग आमच्या हातात काही राहत नाही."

तेव्हापासून माझा दिवस दोन-दोन तासांचा झाला. डावी कूस, पाठ, उजवी कूस. गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी, चादरीला एक सुरकुती नको. नर्सबाई आठवड्याला येऊन पाहून जातात. अंगठ्याची परीक्षा त्यांनीच शिकवली. कातडी लाल दिसली की तिथे अंगठा दाबायचा आणि उचलायचा. दाबलेली जागा पांढरी पडून मग लाली परत भरली, तर रक्त फिरते आहे, काळजी नाही. पांढरी पडलीच नाही, लालच्या लाल राहिली, तर आत कातडी मरायला लागली असे समजायचे.

सरकारी कारकुनीत मी आयुष्यभर कागदांवर लोकांचे अंगठे घेतले. आता माझा देत होतो.

२

गादी लेकीने भाड्याने आणली. हवेची. आडव्या नळ्या ओळीने जोडलेल्या. एकाआड एक फुगतात, मधल्या बसतात, आणि थोड्या वेळाने उलट होते. म्हणजे अंगाच्या एकाच जागेवर भार फार वेळ राहत नाही. पलंगाच्या पायथ्याशी पंप टांगलेला असतो. तो दिवसभर हलक्या आवाजात गुणगुणतो आणि नळ्यांची पाळी बदलताना एक लांब सुस्कारा टाकतो.

"याला काय धाड भरलीय सुस्कारे टाकायला?" पहिल्याच दिवशी बायको म्हणाली. "संसार मी केला."

बसवायला आलेला गादीवाला मोठा हसतमुख होता. पंपाचे बटण वजनाप्रमाणे फिरवून तो म्हणाला, "काका, आता तुम्ही निवांत. गादी सगळं बघते." मी म्हणालो, "मग मी काय करू?" तो म्हणाला, "तुम्ही गादीकडे बघा." असे विनोद करायला माणसाला वेगळा पगार मिळत असावा.

पलंगाची एक बाजू भिंतीला टेकवलेली आहे. भिंतीला खालून अर्ध्यापर्यंत फिकट हिरवा तेलरंग आहे. समोर खिडकी, तिच्यातून शेजारच्या इमारतीचे पाण्याचे पाइप दिसतात आणि दुपारी त्यांच्यावरून परतलेला उजेड खोलीत येतो. स्वयंपाकघरातून या खोलीत यायला एकच दार. मधल्या बोळात फरशीचा एक तुकडा सुटलेला आहे. त्यावर पाय पडला की तो खट्ट वाजतो. घरात कोण कुठे आहे हे आम्हाला त्या फरशीवरून कळते.

एका दुपारी भांडी विसळून, हात पुसत मी आत आलो. ती डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून होती. पाठीवर घेण्यापूर्वी नेहमीप्रमाणे गाउन वर करून पाहिले. माकडहाडावर रोजची फिकट लाली होती. आणि त्या लालीच्या मधोमध एक पांढरा डाग. लांबट गोल, अंगठ्याच्या पेराएवढा. मी पाहत असतानाच तो कडेकडेने भरत गेला आणि नाहीसा झाला.

मी अजून अंगठा लावलाच नव्हता.

३

आमच्या खात्यात कोणत्याही प्रकरणात आधी साधे कारण शोधायची पद्धत होती. साधे कारण सापडले की चहाला जाता येते. मी शोधले. गाउनची गाठ रुतली असेल. पण गाठ मानेपाशी होती. चादरीची सुरकुती असेल. चादर ताठ होती. माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झालेले आहे, त्या डोळ्याला कडेला चमकल्यासारखे दिसते. पण ते काही कातडीवर चमकत नाही. तिनेच स्वतः दाबले असेल म्हणावे, तर तिचा डावा हात तिच्या अंगाखाली होता.

मी चहाला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी तसाच डाग खुब्यावर दिसला. त्यानंतर टाचेवर. नेहमी दुपारी, नेहमी मी खोलीत शिरल्या शिरल्या. म्हणजे मी येण्याच्या क्षणभर आधी कुणीतरी अंगठा उचललेला. फरशी वाजलेली नसे. एकदा मी शेजारी माझा अंगठा लावून पाहिला. तो डाग माझ्या अंगठ्यापेक्षा बराच रुंद होता.

"दुखलं का?" मी विचारले.

"कशाला दुखेल? तुम्ही हल्ली बरं दाबता. हलक्या हातानं." ती भिंतीकडे पाहत म्हणाली. "पूर्वी नुसतं घंटी वाजवल्यासारखं करायचात."

"मी आत्ताच येतोय."

"मग मघाशी आले ते कोण?"

मी दाराकडे वळून पाहिले.  ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही नाही होय. तरीच म्हटलं, इतका वेळ हा माणूस न बोलता कसा राहिला."

"दिसतो का तुला?"

"कुशीवर झोपल्यावर काय दिसणार? भिंत दिसते. भिंतीवर सावली. दाबतो, वाकून बघतो, आणि मान हलवतो."

"कशी?"

तिने उशीवरच डोके इकडून तिकडे केले. नाही, नाही.

"मला वाटलं, जखम नाही म्हणून तुम्ही समाधान मानताय," ती म्हणाली.

४

मी गादीवाल्याला बोलावले. आपल्या देशात... नव्हे, कोणत्याच देशात तक्रार केल्यावर माणूस लगेच येत नाही, हा आला. तेच मला पहिल्यांदा खटकले.

"हवा कमी होते का, काका?"

"हवा ठीक आहे."

"पंप गरम होतो?"

"नाही."

"पेशंटला जखम?"

"नाही."

"मग काका, तक्रार काय आहे?" त्याने पंपावरून प्रेमाने हात फिरवला. "लोक जखम झाली म्हणून ओरडतात. तुम्ही झाली नाही म्हणून ओरडताय."

बायको पडल्या पडल्या हसली. मला घरात पाठिंबा एवढाच मिळतो.

"ही गादी नवी आहे का?"

"कव्हर नवं आहे."

"मी गादीबद्दल विचारलं."

"आम्ही धुऊन, औषध मारून देतो, काका. अगदी स्वच्छ."

"आधी कुणाकडे होती?"

"अशी नावं आम्ही सांगत नाही."

"नाव नको. तो पेशंट बरा झाला का?"

गादीवाल्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी एखाद्या खाटकाला बोकडाची खुशाली विचारली असावी. "गादी परत आली," तो म्हणाला. "गादी का परत आली हे आम्ही विचारत नाही. बरं दिसत नाही ते."

"आणि कधी कुणी सांगितलं का, की घरात कुणीतरी येऊन..."

मी वाक्य पुरे केले नाही. आयुष्यभर इतरांची अर्धवट वाक्ये पुरी करून कागदावर आणणारा मी. पण हे वाक्य पुरे करताना मला लाज वाटली. तो मात्र थांबला होता. हसू गेले होते. बॅग उचलून दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "काका, जागा लाल दिसली ना, तर फार वेळ तशी राहू देऊ नका."

"म्हणजे?"

"म्हणजे काळजी घ्या."

हे ज्ञान द्यायला तो आपले सामान घेऊन जिने चढून आला होता.

५

काळजी! मी दुसरे करत काय होतो? संताप होता तो मुख्यतः या गोष्टीचा, की कुणीतरी माझ्या घरी येते, माझ्या बायकोची माझ्याआधी तपासणी करते, आणि ती करण्याचा त्याला हक्क काय, हे विचारायची सोय नाही. नोकरीत मी तपासणीला येणारे पुष्कळ साहेब पाहिले. पण ते मोटारीतून यायचे, त्यांना आधी पाणी द्यावे लागायचे, आणि त्यांच्या येण्याची बातमी त्यांच्या आधी यायची. न सांगता, ओळख न दाखवता, मागल्या मागे शेरा मारून जाणारा साहेब मी पाहिला नव्हता.

तरी मनाची एक समजूत मी घालून ठेवली होती. मान 'नाही' अशी हलते. म्हणजे जखम नाही. म्हणजे जो कोणी आहे तो राखण करतो आहे. माणूस म्हातारा झाला की असल्या समजुतींवर जगतो.

ती समजूत फळांच्या दुकानात गेली.

सकाळी औषधे आणायला बाहेर पडलो होतो. लेक तेवढ्यापुरती घरी आली होती. परतताना कोपऱ्यावर फळे घ्यायला थांबलो. माझ्यापुढे एक गृहस्थ उभे होते. नीटनेटके, इस्त्रीचा शर्ट, तोंडावर दुसऱ्याचा वेळ आपलाच आहे असा भाव. ते एकेक फळ उचलत, देठापाशी अंगठ्याने दाबत, वाकून निरखत आणि मान हलवत. नाही. ठेवून देत. दुसरे उचलत. दाबत. नाही. प्रत्येक फळावर एक बारीक खळगा राहत होता.

"साहेब, घ्यायचं तर घ्या, दाबू नका," फळवाला ओरडला.

"अरे, बघायला नको का?" गृहस्थ शांतपणे म्हणाले. "अजून कच्ची आहेत. परवा येतो."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. औषधाची बाटली फुटली नाही, एवढेच. फळवाल्याने विचारले, "काय झालं, काका, चक्कर आली का?" मी म्हणालो, "नाही, नाही," आणि माझी मान तशीच हलते आहे हे लक्षात येऊन मी ती थांबवली.

घरी पोचेपर्यंत मी भर रस्त्यात स्वतःशी मोठ्याने भांडत होतो. माणसे वळून पाहत होती. पाहोत. ही काय पाटीत मांडलेली आहे? कुणी विकायला काढली आहे तिला?

६

माकडहाडावरची लाली गडद होत चालली होती. मी कुशी बदलण्याचे अंतर कमी केले. पाठीवर झोपवणे बंद केले. तरीही अंगठा उचलल्यावर पांढरी जागा भरायला दर दिवशी थोडा जास्त उशीर लागत होता. आणि एका दुपारी बायको म्हणाली, "आज मान हलवलीच नाही त्यानं. नुसता वाकून बघत राहिला. बराच वेळ."

ती हे हसून सांगायचा प्रयत्न करत होती. जमले नाही. "अहो," ती म्हणाली, "मला ते आवडत नाहीये आता."

नर्सबाई आल्या. त्यांनी दाबून पाहिले, ओठ मुडपले. "काका, हे बरं नाही. अजून पांढरं होतंय, पण काठावर आहे. कधीही उघडेल." मग त्यांनी गादीची हवा तपासायची रीत दाखवली. नळी बसलेली असताना गादीखाली, बरोबर माकडहाडाच्या खाली, तळहात वर करून हात सरकवायचा. हवा पुरेशी असेल तर हाताला नुसता फुगीरपणा लागतो. कमी असेल तर थेट पेशंटचे हाड लागते. त्यांनी तपासले, हवा ठीक होती. "रोज बघत जा," म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोला तपासणीपुरते पाठीवर घेऊन, पंपाने सुस्कारा टाकल्यावर, मी पलंगाशी गुडघे टेकले. या वयात गुडघे टेकणे हा एक स्वतंत्र प्रकल्प असतो. गादीची कड उचलून हात उताणा आत सरकवला. मनगट गेले. कोपर गेले. गार रबराचा स्पर्श, आणि तिच्या वजनाचा हलका दाब.

मग माझी बोटे कशावर तरी चढली.

कोमट. कोरडे. पहिला विचार आला, हाड लागले, म्हणजे हवा गेली. पण तिच्या आणि माझ्यामध्ये गादी होती; जे लागले ते गादीच्या खाली होते, माझ्या हाताच्याच पातळीवर. मी चाचपले. चार बोटे. उताणी. बाजूला अंगठा, रुंद. नख नीट कापलेले. माझ्याआधी कुणीतरी तीच परीक्षा घेत होते.

हात पलीकडून आला होता. आणि पलीकडे भिंत आहे. पलंग तिला टेकलेला आहे. मधून चादरसुद्धा ओढून काढावी लागते.

मी ओरडलो नाही, कारण वर बायको होती आणि तिने विचारले असते. त्या बोटांनी कसलीही घाई केली नाही. ती वळली, माझ्या मनगटाखाली आली, आणि अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकला. दाबला. उचलला.

मी हात हिसकून बाहेर काढला. मनगटावर पांढरा डाग होता. तो झरकन लाल झाला.

आधी आला तो रागच. भीती त्याच्या मागोमाग आली, बोळातून, फरशी न वाजवता.

७

"गादी परत पाठव," मी लेकीला फोनवर सांगितले.

"बाबा, वेड लागलंय का? आईची जागा काठावर आहे म्हणता, आणि गादी काढता? साध्या गादीवर दोन दिवसांत जखम होईल."

"इथंही होईल."

"तुम्ही झोपता का नीट?" मग आवाज खाली आणून, "मी येऊ का राहायला?"

 लेक बरोबर बोलत होती. गादी ठेवली तर तो येणार, काढली तर कातडी जाणार. आगीतून फुफाट्यात, आणि दोन्हीचे भाडे आपणच भरायचे.

पण कारकुनी वाया जात नाही. तपासणीला आलेल्या साहेबाने नेमकी हवी ती फाईल मागितली, की ती न देता दुसरीच, चांगली जाड, नीट बांधलेली फाईल त्याच्यापुढे सरकवायची, ही आमची जुनी विद्या. साहेब लोकांना फाईल हवी असते. कोणती, हे ते बऱ्याचदा विसरतात. मनगटाचा डाग लगेच भरला होता, मला कच्चा ठरवायला एवढे पुरे होते. बघू दे म्हटले मला सबंध. मान हलवू दे. एकदा नाही म्हणाला, की त्याला त्याच्याच तोंडावर विचारतो, मग रोज रोज येतोस कशाला?

दुपारी लेक जेवणाच्या सुट्टीत आली. तिच्या मदतीने बायकोला चाकाच्या खुर्चीत, जाड, जेल भरलेल्या उशीवर बसवले. थोडा वेळ बसल्याने पाठीला आराम, असे कारण सांगितले. लेक परत गेली. दार लागले.

मी चप्पल काढली आणि बायकोच्या जागी, डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून आडवा झालो.

"हे काय चाललंय तुमचं?"

"वामकुक्षी. तू फक्त बघत राहा."

"मी नाही बघणार." पण खुर्चीची चाके हलली नाहीत. ती पलंगाकडेच तोंड करून बसली होती. एका हाताने तिला ती वळवता येत नव्हती.

गादी अंगाखाली जिवंत असल्यासारखी हलते हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. एक नळी बरगडीखाली हळूच उठली, दुसरी खुब्याखालून निघून गेली. या जागेवर ती दिवसच्या दिवस पडून होती. पंप गुणगुणत होता. समोर हिरवा तेलरंग, त्यावर ब्रशचे केस चिकटून वाळलेले. पाइपांवरून आलेला उजेड. मी मनातल्या मनात बोलायची वाक्ये जुळवत होतो. महाशय, आपण कोण? आपल्याला कुणी पाठवले?

पंपाने सुस्कारा टाकला.

माझ्या पाठीमागे गादी एका जागी खोल गेली. मग तिच्या शेजारी आणखी एका जागी. कुणीतरी दोन्ही गुडघे टेकून वर आले होते. भिंतीवरच्या उजेडात काहीतरी आले आणि थांबले. शर्ट वर झाला; उगीच ओढाताण नाही, वर सरकवून नीट घडी घातली. मी स्वतः बायकोचा गाउन इतक्या अदबीने कधी वर केला नसेल.

अंगठा माकडहाडावर टेकला. दाबला.

जुळवलेली सगळी वाक्ये गेली. तोंडातून आले ते एवढेच, "तिला सोड."

अंगठा उचलला गेला. भिंतीवरची सावली वाकली, माझ्या सावलीत मिसळली. श्वास लागत नव्हता. वास नव्हता. फक्त कुणीतरी अगदी जवळून, अगदी लक्ष देऊन पाहत होते.

"अहो," बायको म्हणाली. हा तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "अहो, उठा. उठा ना. अहो, पटकन उठा!"

मी वळलो. खोलीत आम्ही दोघेच. गादीवर माझ्यामागे गुडघ्यांचे दोन खळगे होते. पंपाने हवा भरत नेली तसे ते सावकाश वर आले आणि सपाट झाले. 

"दिसला?"

तिने मान खाली घातली.

"मान हलवली का त्यानं? कशी हलवली?"

"मला नाही दिसलं," ती म्हणाली.

ती अगदी समोर बसली होती.

८

त्यानंतर तिच्या अंगावर डाग दिसला नाही. दुपारी मी आत येतो, गाउन वर करतो. लाली असते, पण ती रोज कमी होत गेली. भिंतीवर आता काही येत नाही, असे ती सांगते. नर्सबाई पाहून हरखल्या. "काका, गादीनं कमाल केली!" गादीवाल्याने फोन करून आनंद व्यक्त केला. पाहुण्यांपैकी एकाने सांगितले की हा तेलाचा गुण, मीच सांगितले होते. सगळ्यांनी आपापला वाटा उचलला. मला कुणी विचारले नाही, आणि मीही सांगायला गेलो नाही. सांगून काय सांगणार?

बसताना मला जरा अवघडल्यासारखे होते. लाकडी खुर्चीवर उभी हयात काढलेल्या माणसाला त्यात नवल नाही. लेक म्हणते, "बाबा, दाखवा बघू." मी दाखवत नाही. मी चालतो, फिरतो, जिने चढतो, भाजी आणतो. बेडसोर हा पडून राहणाऱ्या माणसाचा आजार आहे. चालत्या माणसाला तो होणे हे वैद्यकशास्त्रात बसत नाही आणि ते मी बसू देणार नाही. नर्सबाईंनाही मी तेच ऐकवले. त्या म्हणाल्या, "चिडता कशाला एवढं, काका?" का चिडू नये? ज्याला त्याला आपला अंगठा माझ्याच पाठीवर टेकवायचा आहे.

बायकोपुढे मात्र चालत नाही. रोज दिवेलागणीला उजव्या कुशीवर वळवले की ती म्हणते, "या इकडे." मी कुरकुरत पलंगाच्या काठावर, तिच्या डाव्या हाताशी, पाठ करून बसतो. ती एका हाताने माझा शर्ट वर करते. त्याला बराच वेळ लागतो. मी मदत करत नाही. तिला ते आवडत नाही. मग तिचा अंगठा टेकतो. थंड, हलका, थोडा थरथरणारा. ती दाबते.

काल ती नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प होती. पंप चालू होता.

"काय?" मी म्हणालो. "होतंय का पांढरं?"

"होतंय," ती म्हणाली. "चांगलं होतंय की."

"नक्की?"

"होतंय म्हटलं ना. गप्प बसा."

 समोर बोळाचे दार अर्धे उघडे होते. ती पुन्हा म्हणाली, "छान पांढरं होतंय," आणि मी वाट पाहत राहिलो, कारण अंगठा तिने अजून उचललेला नव्हता.